जुन्या शर्मनवरचे बारीक भाग टिकत का नाहीत: लक्षणे, तपासण्या आणि उपाय

शर्मन या अमेरिकी रणगाड्याची १/३५ मापाची जुनी प्लास्टिकची प्रतिकृती बांधायला घेतली की खालचा सांगाडा, वरचे चिलखत आणि बुरूज यांना फारसा वेळ लागत नाही. वेळ आणि संयम खातात ते बाहेरून लावायचे बारीक भाग. हेडलाइट आणि त्यांचे गार्ड, मागच्या डेकवरची फावडे, कुऱ्हाड, घण ही हत्यारे, झाकणांवरच्या मुठी, बुरुजाचे उचलण्याचे आकडे, टेललाइट, रणगाडा ओढायची टो केबल, यांतले काही ना काही रंगकामाआधी, रंगकामात किंवा अगदी कपाटात ठेवताना गळून पडते. ते पुन्हा चिकटवले जाते, पुन्हा पडते, आणि दर वेळी जोडावर गोंदाचा आणखी एक थर चढतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या प्रतिकृतींत ही तक्रार सर्वांत जास्त असते आणि तिच्यासोबत येणारा प्रश्नही ठरलेला असतो: याहून जोरदार गोंद कोणता? दोष गोंदाच्या ताकदीत असल्याचे मात्र क्वचितच आढळते.

पुढील मजकूर १९७० च्या दशकात आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साचे तयार झालेल्या पॉलिस्टायरीनच्या संचांबद्दल आहे. पोलादी साचे कित्येक दशके चालतात, त्यामुळे नव्या चित्राचे खोके विकत घेतले तरी आतला संच जुन्याच साच्यातला असू शकतो. भागांवर छापलेले वर्ष पाहावे. बहुतेक वेळा ते सांगाड्याच्या पोटाशी आतून किंवा स्प्रूवर, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर, उठवलेले असते. उदाहरण शर्मनचे घेतले आहे, कारण त्याच्या अंगावर टांगलेल्या वस्तू पुष्कळ. परंतु सेंच्युरियन, पँथर, स्टुअर्ट या रणगाड्यांच्या त्या काळच्या संचांनाही यातले जवळजवळ सगळे लागू पडते.

लक्षणे

"बारीक भाग टिकत नाहीत" या एका वाक्यात अनेक वेगवेगळे दोष एकत्र बोलले जातात. ते आधी वेगळे करावेत.

भाग अख्खा सुटून येतो आणि त्याचा पाय व खाच दोन्ही गुळगुळीत, चकचकीत दिसतात, हे सर्वांत सामान्य लक्षण. याचा अर्थ प्लास्टिक विरघळून एकजीव झालेच नाही. सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारे द्रव, नुसते मध्ये वाळले. भागाच्या तळाला रंगाचा पापुद्रा चिकटून आला असेल तर जोड प्लास्टिकशी झालीच नव्हती, रंगाशी झाली होती. पाय खाचेतच राहून वरचा भाग मोडून हातात आला असेल तर जोड उत्तम आहे. दुर्बल आहे ते प्लास्टिक, किंवा तो भाग बसवतानाच ताणाखाली होता. या तिसऱ्या प्रकारात जोरदार गोंद लावणे सर्वस्वी निरुपयोगी, तरीही हटकून तेच केले जाते.

काही दोष सुटण्याचे नसून बसण्याचे असतात: भागाखाली फट राहते, किंवा डावा हेडलाइट गार्ड सरळ आणि उजवा बाहेर झुकलेला दिसतो. टो केबल दोन्ही टोकांना घट्ट असते, पण काही दिवसांनी मधोमध कमानीसारखी उचलते. जोडाभोवती पांढुरकी धुरकट छटा येते. रिव्हेट बुजतात, किंवा चिलखतावर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. या शेवटच्या दोहोंचे कारण प्रमाणाबाहेर वापरलेला गोंद. पांढुरक्या छटेत सुपरग्लू, बुजलेल्या रिव्हेटांत आणि ठशात सिमेंट.

तुटलेला जोड वाचणे

सर्वांत स्वस्त तपासणी हीच, आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. पडलेला भाग लगेच जागेवर न दाबता टेबलावरच्या दिव्याखाली, भिंगातून, त्याचे तळ आणि चिलखतावरची खाच दोन्ही पाहावीत. प्रकाश बाजूने तिरका पडू द्यावा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात चकाकी आणि खडबडीतपणा यांतला फरक कळत नाही. नीट विरघळून जोडलेले पॉलिस्टायरीन ओढून तोडले तर दोन्ही तोंडांवर मंद, खरखरीत, किंचित पांढरा पृष्ठभाग दिसतो. काचेसारखी सपाट चकाकी दिसली तर दोष पृष्ठभागात किंवा वेळेत आहे, आणि पुढच्या दोन-तीन सोप्या तपासण्यांतच तो सापडेल. हे पाहिल्याशिवाय गोंदाची बाटली उघडू नये, कारण नवा थर चढला की पुरावा झाकला जातो.

धुणे

साच्यातून प्लास्टिक सहज सुटावे म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश जुन्या संचांवर राहिलेला असू शकतो. त्यात वर्षानुवर्षे दुकानात किंवा माळ्यावर पडलेल्या संचावर धूळ, आणि आधीच्या मालकाने भाग चाळून पाहिले असतील तर हाताचे तेल. हा थर डोळ्यांना दिसत नाही, पण सिमेंट त्याच्यावरून पसरते आणि प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आत उडून जाते. स्प्रू अख्खेच कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब टाकून मऊ दातब्रशने धुवावेत, साध्या पाण्यात दोनदा खळबळावेत आणि कापडाने न पुसता सावलीत उभे करून वाळवावेत. कापडाचे धागे मुठींत अडकतात आणि मुठी मोडतात. धुण्यापूर्वी मोरीच्या जाळीवर गाळणी ठेवावी. सुटा झालेला पेरिस्कोप एकदा नळीत गेला की गेला.

प्रतिकृती अर्धी बांधून झाली असेल तर अख्खी धुण्याची गरज नाही. ज्या खाचेत भाग बसायचा आहे तेवढीच जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने पुसावी. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव मात्र चुकूनही वापरू नये. ते प्लास्टिकच खाते.

सिमेंट न लावता बसवून पाहणे

येथे थोडे थांबून काम करणे फायद्याचे, कारण जुन्या संचांचे बहुतेक दोष या टप्प्यावर उघडे पडतात.

पहिला प्रश्न असा, की भोक आहे का. त्या काळच्या साच्यांतून एकाच वरच्या चिलखतापासून दोन-तीन प्रकारचे रणगाडे निघत असत. म्हणून कित्येक भोके आरपार नसतात, फक्त आतल्या बाजूने खूण केलेली असते, आणि आपल्या प्रकाराला लागणारी भोके आपण आतून टोचून उघडायची असतात. सूचनापत्रिकेत ही सूचना एखाद्या छोट्या चौकटीत असते आणि वरचे चिलखत खालच्या सांगाड्यावर चिकटवल्यानंतर ती लक्षात येते. तसे झाले असेल तर भागाची खुंटी कापून टाकून तो सपाट चिकटवण्याचा मोह होतो. हात न लागणाऱ्या जागी ते चालते. हेडलाइट गार्डसारख्या पुढे आलेल्या भागाला चालत नाही.

दुसरा प्रश्न असा, की डावे-उजवे बरोबर आहे का. शर्मनचे हेडलाइट गार्ड एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात आणि त्यांचे क्रमांक लागोपाठचे असतात. उतरत्या चिलखतावर चुकीच्या बाजूचा गार्ड बसतो खरा, पण एक पाय हवेत राहतो. "हा गार्ड बसतच नाही" म्हणून आलेल्या तक्रारींतला मोठा वाटा याचा असतो.

तिसरी गोष्ट खुंटी आणि भोक यांच्या मापाची. झिजलेल्या साच्याच्या दोन अर्ध्यांतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. त्याला बांधणारे फ्लॅश म्हणतात. खुंटीच्या मुळाशी असा पापुद्रा असेल तर भाग खाली बसत नाही, आणि बसत नाही म्हणून दाबला की मोडतो. साच्याचे दोन अर्धे किंचित सरकलेले असतील तर गोल खुंटीला पायरी पडते. अशा खुंटीवरून नव्या ब्लेडची धार कापण्यासाठी न वापरता आडवी ओढून खरवडावे. सालपट पावडरसारखे निघाले पाहिजे. भोक तंग असेल तर ड्रिल बिट बोटांत धरून दोन-तीन वेळा फिरवणे पुरते. भोक सैल असेल, जुन्या संचांत हे फार आढळते, तर सैलपणा सिमेंटने भरून काढता येत नाही: सिमेंट वाळताना आकसते आणि भाग एका बाजूला ओढला जातो. झुकलेल्या गार्डाचे कारण बहुधा हेच. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून वर धरून मऊ करावा, ओढून त्याची बारीक काडी करावी, तिने भोक बुजवावे, एक दिवस वाळू द्यावे आणि योग्य मापाचे भोक नव्याने पाडावे.

चौथी गोष्ट संचाच्या मूळ रचनेशी निगडित आहे. १/३५ हे माप आले ते टमिया या जपानी कंपनीच्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या पँथरमधून. आत मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात एवढ्या आकाराचा तो रणगाडा केला गेला आणि तेच माप पुढे रूढ झाले. खेळण्याच्या या वारशामुळे त्या काळच्या अनेक संचांच्या पोटाला स्विच व मोटरसाठी भोके असतात आणि चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांच्या वर येणाऱ्या बाजूच्या कप्प्यांचा तळ उघडाच सोडलेला असतो. दिसायला हा केवळ सौंदर्याचा प्रश्न वाटतो, पण तळ नसल्यामुळे वरच्या चिलखताच्या बाजूच्या भिंती हातात धरल्या की आत दबतात आणि सोडल्या की बाहेर येतात, आणि त्या प्रत्येक हालचालीला भिंतीवर चिकटवलेली केबल व तिचे क्लिप जोडापासून थोडे थोडे ढिले होतात. बाजूवरचेच भाग पुन्हा पुन्हा पडत असतील आणि डेकवरचे टिकत असतील, तर १ मिमी जाडीच्या प्लास्टिक शीटची पट्टी कापून हा तळ बंद करावा. खर्च नगण्य आहे आणि परिणाम ताबडतोब जाणवतो.

स्प्रूवरून सोडवणे

मुठी, गार्ड आणि हत्यारांचे दांडे बसवण्याआधीच अर्धवट मोडलेले असू शकतात. भाग आणि स्प्रू यांना जोडणारी मान थेट भागाजवळ कापली की कटरच्या पात्याचा पाचरीसारखा दाब भागात शिरतो आणि केसासारखी चीर पडते. ती त्या दिवशी दिसत नाही, रंगकामात मूठ तुटते तेव्हा दिसते. म्हणून आधी भागाच्या आजूबाजूची जाड चौकट दूरवर कापून ताण मोकळा करावा, मग मान भागापासून दोन-तीन मिमी अंतरावर कापावी, आणि उरलेला कोंब भाग सपाट पृष्ठभागावर मास्किंग टेपने चिकटवून ब्लेडने किंवा बारीक सुई-कानशीने उतरवावा. कटरची सपाट बाजू नेहमी भागाकडे.

वर्षानुवर्षे ऊन लागून पिवळटलेले प्लास्टिक ठिसूळ होते. कामाला हात घालण्यापूर्वी रिकाम्या स्प्रूचा तुकडा हळू वाकवून पाहावा. वाकून पांढरा पडला तर प्लास्टिक ठीक आहे. वाकण्याआधीच कट्‌कन मोडला तर संचातल्या एकाही बारीक भागावर विसंबू नये आणि थेट पुढे सांगितलेल्या तारेच्या उपायाकडे जावे.

गोंद: कोणता, किती, केव्हा

पॉलिस्टायरीनचे सिमेंट हे खऱ्या अर्थाने गोंद नव्हे. टमियाच्या पातळ सिमेंटमध्ये ब्युटिल ॲसिटेट आणि ॲसिटोन असतात. ही द्रावणे दोन्ही पृष्ठभाग मऊ करतात, प्लास्टिकचे रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रावण उडून गेले की एकच प्लास्टिक उरते. यावरून तीन नियम आपोआप निघतात. एक, मधे रंग, प्रायमर किंवा जुना वाळलेला सुपरग्लू असेल तर हे घडत नाही; तो खरवडून उघडे प्लास्टिक दिसले पाहिजे. दोन, पितळ, तांबे आणि रेझिन यांना हे सिमेंट धरत नाही. तीन, पातळ सिमेंट आधी लावून मग भाग आणू नये, तर भाग जागेवर टेकवून, चिमट्याने धरून, सिमेंटने जेमतेम ओला केलेला ब्रश जोडाच्या कडेला टेकवावा. फटीतून ते स्वतःच आत ओढले जाते. मे महिन्यात पंखा चालू ठेवून काम करणाऱ्याचे सिमेंट ब्रश बाटलीतून जोडापर्यंत येईतोच अर्धे उडालेले असते, आणि चकचकीत तोंडे असलेल्या जोडांचे हे नेहमीचे कारण आहे. पंखा बंद ठेवून खिडकी उघडी ठेवावी.

मिनिटाभरात भाग हलेनासा होतो, पण तो पक्का झालेला नसतो. पूर्ण ताकद यायला एक दिवस जाऊ द्यावा. संध्याकाळी चिकटवून रात्री प्रायमर मारणाऱ्यांना या एका दिवसाची किंमत दुसऱ्या सकाळी कळते.

सुपरग्लू, म्हणजे आपल्याकडे फेविक्विक या नावाने सर्वपरिचित असलेला सायनोॲक्रिलेट, धातूसाठी आणि रेझिनसाठी लागतोच. तो पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे कोकणात पावसाळ्यात तो क्षणात पकडतो आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात रेंगाळतो. त्याचा पातळ थर मजबूत असतो, जाड थर काचेसारखा ठिसूळ: ओढले तर टिकतो, पण बाजूने टिचकी बसली की सुटतो. ट्यूबमधून थेट लावू नये. प्लास्टिकच्या झाकणावर थेंब काढून सुईच्या टोकाने तेवढाच उचलावा. पांढरी छटा येते ती त्याची वाफ दमट हवेत आसपासच्या पृष्ठभागावर बसल्यामुळे. गोंद कमी वापरला आणि हवा खेळती राहिली तर ती येत नाही, आणि आलीच तर वार्निशचा हात दिल्यावर बहुधा झाकली जाते.

चुकीच्या जागी सुपरग्लूने चिकटलेला भाग काढायचा असेल तर प्रतिकृती पिशवीत बंद करून तासभर फ्रीझरमध्ये ठेवावी. थंडीने हा गोंद आणखी ठिसूळ होतो आणि ब्लेडच्या टोकाने हलक्या दाबाने भाग सुटतो. रंगकाम झालेल्या प्रतिकृतीवर मात्र हा प्रयोग आधी न दिसणाऱ्या भागावर करून पाहावा.

कामाचा क्रम

सूचनापत्रिका सांगते त्याच क्रमाने जाण्याचे कारण नाही. पत्रिका भाग कोठे बसतो हे सांगते. तो केव्हा बसवावा याचा विचार तिने केलेला नसतो. हेडलाइट गार्ड पत्रिकेत अनेकदा चाकांच्या आधी येतात, आणि मग चाके, पट्टे बसवताना तोच गार्ड तळव्याखाली येतो. सर्व मोठी जुळणी, घासणे, पुटी आणि धुणे संपल्यावरच बाहेर आलेले भाग लावावेत. हत्यारे वेगळी रंगवून शेवटी लावायची असतील तर त्यांच्या जागा मास्किंग टेपने झाकून मगच रंग मारावा, म्हणजे उघडे प्लास्टिक शिल्लक राहते. सांगाड्याच्या पोटाला लाकडी ठोकळा दुतर्फी टेपने चिकटवून प्रतिकृती त्या ठोकळ्यावर धरावी. गळणाऱ्या भागांपैकी पुष्कळ भाग गोंदाने नव्हे, हाताने पाडलेले असतात.

तारेची खुंटी

इथपर्यंत सर्व तपासण्या करूनही एखादा भाग त्याच जागी पुन्हा पडत असेल तर जोडाला प्लास्टिकची साथ पुरेशी नाही, आणि आत धातू घालण्याला पर्याय नाही. मी हा उपाय इतक्या खाली ठेवला आहे तो त्याला हत्यारे आणि हात दोन्ही लागतात म्हणून. टिकाऊपणात तो सर्वांत वरचा आहे.

लॅनच्या केबलमधल्या एकेका तारेतले तांबे सुमारे ०.५ मिमी जाडीचे असते आणि टाकाऊ केबलचा वीतभर तुकडा एका रणगाड्याला पुरून उरतो. ०.५ मिमीचे ड्रिल बिट मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पीसीबीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या फळ्यांच्या, सामानात मिळतात. मात्र ते कार्बाइडचे असले तर हातड्रिलमध्ये जरा तिरके झाले की मोडतात, म्हणून साध्या हायस्पीड स्टीलचे बिट मिळाले तर तेच घ्यावेत. भोक पाडण्याआधी सुईने खळगी करावी, नाहीतर बिट घसरते. भागाच्या पायात दीड-दोन मिमी खोल भोक, चिलखतात तेवढेच दुसरे, मधे तार, आणि दोन्हीकडे सुपरग्लूचा सुईच्या टोकाएवढा थेंब. चिलखतातले भोक नेमके समोर यावे म्हणून भागाच्या पायात तार आधी बसवून तिच्या टोकाला किंचित रंग लावावा आणि भाग जागेवर टेकवावा. जो ठिपका उमटतो तेथे भोक.

मुठी दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्या तारेच्याच कराव्यात. सुमारे १६ मिमी जाडीच्या सळईची मूठ धरली तर ३५ ने भागल्यावर ०.४६ मिमी येते, म्हणजे ०.५ मिमीची तार मापाला जवळजवळ अचूक आहे. संचातली प्लास्टिकची मूठ तिच्यापेक्षा बरीच जाड असते, कारण प्लास्टिकला साच्यातून वाहायला तेवढी जागा लागते. खऱ्या मुठीखाली माणसाची बोटे जायला ५० ते ७० मिमी जागा हवी, म्हणजे आपल्या मापात दीड ते दोन मिमी. तेवढ्या जाडीची प्लास्टिकची पट्टी मुठीखाली सरकवून मगच चिकटवावे, म्हणजे बुरुजावरच्या सगळ्या मुठी एका उंचीवर येतात. प्रत्यक्ष वस्तू पाहून माप घ्यायची इच्छा असेल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत भारतीय लष्कराच्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटने शर्मनच वापरले होते, त्यामुळे भारतीय खुणांचा शर्मन बांधणाऱ्यांना तर तेथे गेल्यावाचून गत्यंतर नसावे. मुठीचे पाय वेल्डिंगने चिलखताला कोठे भिडतात आणि हत्यारांचे पट्टे कोणत्या बाजूने बांधतात, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर भाग नेमका कोठे टेकायचा याचा संशय उरत नाही.

टो केबल

उचलणाऱ्या केबलचा दोष तिच्या आठवणीत असतो: साच्यातला आकार ती विसरत नाही. प्लास्टिकचीच ठेवायची असेल तर उकळीच्या खालच्या गरम पाण्यात काही सेकंद बुडवून, चिलखताच्या वळणावर बोटांनी वाकवून, तेथेच थंड होऊ द्यावी; कोरडी असताना स्वतःहून जागेवर पडून राहिली तरच चिकटवावी. त्याहून चांगले, ती बदलावी. तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा गॅसच्या ज्योतीवर क्षणभर लाल करून पाण्यात बुडवला की तांबे मऊ पडते. मग त्या तारांचे एक टोक हातड्रिलच्या तोंडात आणि दुसरे पकडीत धरून पीळ द्यावा. संचातल्या केबलची दोन्ही टोकांची कडी कापून, त्यांत भोक पाडून, पीळ दिलेली तार आत सुपरग्लूने बसवावी. अशी केबल स्वतःच्या वजनाने लोंबल्यासारखी पडते आणि तिला चार-पाच ठिकाणी टेकवले की पुरे.

मऊ पट्टे

सांगाड्याच्या मागच्या भिंतीवरचे टेललाइट आणि आकडेच फक्त सुटत असतील, तर एकदा पट्ट्यांकडे पाहावे. जुन्या संचांतले मऊ व्हिनाइलचे पट्टे थोडे आखूड पडले की मागचे चाक पुढे ओढतात आणि ताणाने मागचा जोड उघडतो. शिवाय व्हिनाइल मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू झिरपून शेजारच्या पॉलिस्टायरीनला खाते. पट्टा टेकलेल्या जागी प्लास्टिक चिकट, चकचकीत किंवा चिरलेले दिसते. पट्टे वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि जेथे टेकतील तेथे आधी रंगाचा थर द्यावा. खाल्लेले प्लास्टिक पूर्ववत होत नाही; तो भाग बदलावा लागतो.

कोठे थांबावे

पितळी पत्र्यातून कोरलेले गार्ड ही सर्वांत अवघड पायरी. मूळ प्रकार साधा आहे: पत्रा अल्कोहोलने पुसावा, ज्योतीवर तापवून मऊ करावा, घडी घालावी, कोपऱ्यात सुपरग्लू. ६ मिमी जाडीची पट्टी धरली तरी १/३५ मापात ती ०.१७ मिमी होते, आणि एवढी पातळ गोष्ट फक्त धातूच देऊ शकतो. पण पुढे आलेला पितळी गार्ड सुपरग्लूवर फार काळ टिकत नाही, त्याला डाख द्यावा लागतो, आणि डाख प्रतिकृतीपासून दूर, लाकडी फळीवर द्यायचा असतो. सोल्डरिंगच्या गनचे टोक पॉलिस्टायरीनला लागले की चिलखतच वितळते. डाख देण्याची सवय नसेल तर शिकण्याची जागा ही नव्हे. एखाद्या अनुभवी बांधणाऱ्याकडून किंवा बारीक डाखकाम करणाऱ्या सोनाराकडून गार्ड जोडून घ्यावेत आणि घरी फक्त बसवावेत.

चिलखतावरच जाळीसारख्या बारीक चिरा दिसत असतील, किंवा एकच भाग तारेची खुंटी घालूनही दुसऱ्यांदा मोडला असेल, तर चिकटवणे तेथेच थांबवावे. काही उत्पादक आणि त्यांचे विक्रेते सुटे स्प्रू पुरवतात. भागाचा क्रमांक आणि संचाचा क्रमांक दोन्ही लिहून विचारावे.

सिमेंटच्या वाफेने डोके जड झाले किंवा गरगरले तर काम बंद करून मोकळ्या हवेत जावे. थोड्या वेळात बरे वाटले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. सुपरग्लूने चिकटलेली बोटे ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. तो कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर त्याची अभिक्रिया जोरात होऊन भाजण्याइतकी उष्णता निघते, म्हणून सांडलेला गोंद कापसाने टिपू नये. डोळ्यात गेला तर पापण्या उघडण्याचा प्रयत्न न करता पाणी मारत तत्काळ नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आणि शेवटी, घरातल्या कोणी फार पूर्वी बांधलेली, आठवण म्हणून जपलेली प्रतिकृती असेल तर वरचा एकही उपाय स्वतः करू नये. तिच्यावरचा रंग आणि गोंद कोणता हे ठाऊक नसते. अल्कोहोलच्या एका काडीनेही मूळ रंग उतरू शकतो. अशी प्रतिकृती जुन्या प्रतिकृतींची दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावी. गळलेले भाग झिपच्या पिशवीत ठेवावेत, कोणता भाग कोठून पडला ते चिठ्ठीवर लिहावे, हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि तात्पुरता म्हणूनसुद्धा गोंदाचा थेंब लावू नये, कारण दुरुस्ती करणाऱ्याला सर्वांत जास्त वेळ लागतो तो असा थेंब काढायला.